कोलाडचा ट्रक आणि एका पित्याचा वारसा

मुंबईहून गोव्याकडे जाणारा राजमार्ग पेण, वडखळ, नागोठणे ही गावे मागे टाकीत कोलाडास येतो, आणि पनवेलहून दक्षिणेस निघालेला लोहमार्गही पेण, नागोठणे, रोहा करीत त्याच कोलाडास पोचतो. रस्ता आणि रूळ यांची ही जी भेट रोहा तालुक्यात होते, तिचा लाभ घेऊन कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ रोजी एक अशी वाहतूक सुरू केली, की जिचा विचार संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी स्वस्थपणे करावा असे मला मनापासून वाटते. मालाने भरलेला ट्रक कोलाड स्थानकात उतारावरून स्वतःच्याच चाकांवर चालत सपाट मालडब्यावर चढतो, त्याची चाके जखडली जातात, चालक आणि क्लीनर ट्रकसोबतच राहतात, आणि घाटांतील वळणे, पावसाळ्यातील खड्डे, डिझेलचा खर्च व टायरांची झीज हे सारे टाळून सुमारे ४०० किलोमीटरांनंतर गोव्यातील वेर्णे स्थानकात तो पुन्हा स्वतःच्या चाकांवर उतरून आपल्या वाटेने निघून जातो. रो-रो या नावाने कोकणात सर्वांना परिचित असलेल्या या सेवेची नोंद ठेवणारी आज्ञावली लिहावयास कोणी बसला, तर पहिल्याच पानावर त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो, की हा ट्रक रस्त्यावरील वाहनांच्या खाती मांडावयाचा की रेल्वेच्या. आणि त्याने निवडलेली प्रोग्रॅमिंगची भाषा जर एका वर्गाला एकच पिता असू देणारी असेल, तर हा प्रश्न केवळ मांडणीचा न राहता मोठ्या अडचणीचा होऊन बसतो.

अडचणीचे स्वरूप समजण्यासाठी वस्तुनिष्ठ प्रोग्रॅमिंगमधील दोन मूलभूत कल्पना येथे सांगितल्या पाहिजेत. क्लास, म्हणजे वर्ग, ही पहिली. आणि तिच्याकरिता पेण तालुक्याच्या वाचकाला दूर कोठे जावयास नको. पेण शहरात, हमरापुरात आणि जोह्यात वर्षभर चालणाऱ्या गणपतीच्या कारखान्यांत एका रबरी साच्यातून शेकडो मूर्ती निघतात. साचा हा मूर्ती नव्हे, त्याची पूजा कोणी करीत नाही, परंतु मूर्तीचे आकारमान, बैठक, सोंडेचे वळण हे सारे त्याने आधीच ठरवून दिलेले असते, आणि रंग व डोळ्यांची आखणी मात्र ज्या त्या मूर्तीची स्वतंत्र असते. वर्ग हा असा साचा, आणि त्यातून निघणारा प्रत्येक ऑब्जेक्ट ही मूर्ती. दुसरी कल्पना वारशाची, जिला इंग्रजी शिकलेले लोक इनहेरिटन्स म्हणतात: एक वर्ग लिहून झाला की त्याच्यावरून दुसरा लिहिताना पहिल्याचे सारे गुणधर्म आणि साऱ्या क्रिया न लिहिताच मिळतात, लेखकाने केवळ जे नवे अथवा वेगळे असेल तेवढेच लिहावयाचे.

ही वारशाची कल्पना जेथे जन्मली, तेथेही ट्रकच उभे होते, हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो. ओस्लो येथील नॉर्वेजियन कंप्यूटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगॉर्ड हे दोघे सिम्युला नावाच्या भाषेवर काम करीत असताना, पुलावरच्या टोलनाक्यापाशी लागणाऱ्या मोटारी, बसगाड्या आणि ट्रक यांच्या रांगेचे प्रतिरूप संगणकात कसे उभारावे याचा विचार त्यांच्यापुढे होता. रांगेत उभे राहणे हे सर्वांना समान, परंतु बसमध्ये उतारू आणि ट्रकमध्ये माल, तेव्हा समान ते एकदाच लिहावे आणि भिन्न ते ज्याच्या त्याच्या पदरी घालावे, या साध्या गरजेतून सिम्युला-६७ मधील वारशाची तरतूद आकारास आली. पुढे २००१ सालचा ट्युरिंग पुरस्कार त्या दोघांना मिळाला, आणि दुसऱ्याच वर्षी दोघेही निवर्तले. त्यांच्या भाषेत प्रत्येक वर्गाला एकच पूर्वज असे. ओस्लोच्या त्या ट्रकला दुसरा पूर्वज लागलाही नसता, कारण तो रुळावर कधी चढणारच नव्हता.

आता कोलाडची वंशावळ मांडू. मुळाशी 'वाहन' हा वर्ग. त्यात वजन, लांबी आणि उंची हे गुणधर्म, व 'चाल' आणि 'थांब' या दोन क्रिया. त्याचे दोन पुत्र: 'रस्तावाहन', ज्याला परवाना आणि टोल यांची भर पडते, आणि 'रेल्वाहन', ज्याला मार्ग, सिग्नल आणि गाडीतील क्रमांक यांची. ट्रक उघडच पहिल्याच्या घराण्यातला. परंतु कोलाडहून वेर्ण्यापर्यंत त्याला गाडीत क्रमांक आहे, तो सिग्नलच्या हुकुमाने थांबतो, आणि त्याचे वजन रेल्वेच्या दप्तरात लिहिले जाते; तेव्हा 'रोरोट्रक' नावाचा एक नातू काढून त्याला दोन्ही घराण्यांचा वारस करावा, असे सहजच मनात येते.

तसे करू देणाऱ्या भाषा आहेत. ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांच्या सी प्लस प्लस या भाषेत १९८९ पासून एका वर्गाला एकाहून अधिक पिते घेता येतात. परंतु आपला रोरोट्रक दोन्हीकडून वारसा घेऊन आला की त्याच्या घरात कलह सुरू होतो; कारण रस्तावाहन आणि रेल्वाहन या दोघांचाही पिता तोच 'वाहन' असल्यामुळे वजन त्याच्याकडे दोनदा येते, आणि एका ठिकाणी माल उतरवल्याची नोंद केली तरी दुसऱ्या ठिकाणी जुनाच आकडा राहतो. वंशावळीचा आकार शंकरपाळ्यासारखा दिसतो म्हणून जगभर या दोषाला डायमंड प्रॉब्लेम म्हणतात. सामाईक पूर्वजाची एकच प्रत राखण्याची तजवीज त्या भाषेत व्हर्च्युअल या शब्दाने केलेली आहे, परंतु तो शब्द मधल्या पिढीने आपापल्या वारशापुढे आधीच लिहून ठेवावा लागतो, म्हणजे नातू जन्मण्यापूर्वीच त्याच्या भांडणाची कल्पना पित्यांना असावी लागते.

वजनाचे भांडण तरी हिशेबाने मिटते. 'थांब' या क्रियेचे मिटत नाही. मालडब्यावर उभ्या ट्रकचा हातब्रेक ओढलेला, चाके जखडलेली; रस्तावाहन म्हणून विचारले तर तो संपूर्ण थांबलेला आहे. त्याच क्षणी तो माणगावच्या दिशेने धावत आहे; रेल्वाहन म्हणून विचारले तर तो चालू आहे. दोन्ही उत्तरे खरी, आणि दोन्ही एकाच ऑब्जेक्टच्या तोंडून एकाच प्रश्नाला आलेली. येथे दोष भाषेचा नाही, वर्णनाचा आहे. दोन भिन्न गोष्टींना एकच गोष्ट समजून आपण तिला दोन बाप देऊ केले, एवढेच त्यातून उघड होते. एकपित्य वारशाच्या बंधनाला मी केवळ अडचण मानीत नाही ते याच कारणासाठी, की हे बंधन लेखकाला हा खोटेपणा करूच देत नाही आणि त्याला पुन्हा एकदा कोलाडच्या फलाटावर पाठवून नीट पाहावयास लावते.

सन मायक्रोसिस्टम्समध्ये जेम्स गॉस्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेली जावा ही भाषा १९९५ साली जगापुढे आली, तेव्हा तिच्यात हे बंधन जाणूनबुजून घातलेले होते: एक्स्टेंड्स या शब्दापुढे एकाच वर्गाचे नाव लिहिता येते. पुढे सी शार्पनेही तोच नियम स्वीकारला. पायथनने अनेक पित्यांना मोकळीक ठेवली खरी, परंतु कोणत्या पित्याचे म्हणणे आधी ऐकावे याचा काटेकोर क्रम २००३ पासून ठरवून दिला. आणि क्रम ठरवून दिल्याने भांडण थांबते, पण हातब्रेक ओढलेला ट्रक धावतो आहे की नाही याचा निर्णय त्या क्रमाने होत नाही.

बंधन आले की पळवाटाही येतात, आणि त्यांतील काही वाईट आहेत. सर्वांत प्रचलित अशी वाईट वाट म्हणजे जे कोठेच बसत नाही ते सर्वांच्या आजोबाच्या गळ्यात बांधणे: 'वाहन' या वर्गातच 'मालडब्यावर चढ' ही क्रिया लिहून टाकली, की ट्रकला ती मिळते हे खरे, पण पेणच्या बाजारात फिरणाऱ्या तीनचाकी रिक्षालाही मिळते, आणि खुद्द मालडब्यालाही. दुसरी वाट म्हणजे नाते नसताना सोयीसाठी बाप करणे. जावाच्या पहिल्याच आवृत्तीत तिच्या निर्मात्यांकडूनच असा एक प्रमाद घडलेला आहे. स्टॅक, म्हणजे वरूनच ठेवावयाची आणि वरूनच काढावयाची चळत, हा वर्ग त्यांनी व्हेक्टर या यादीच्या वर्गापासून उत्पन्न केला. यादी सांभाळण्याचे आयते काम मिळाले, परंतु वारशात यादीचे सर्व अधिकारही आले, त्यामुळे आजही जावातील त्या चळतीच्या मध्यभागी कोणीही वाटेल ते घुसडू शकतो, आणि जुन्या आज्ञावल्या मोडतील या भयाने ती चूक दुरुस्तही करता येत नाही. वारसा हा काही निवडून घेता येत नाही. घेतला तर सगळा घ्यावा लागतो, कर्जासकट.

चांगल्या वाटा कोणत्या, हे पाहण्यासाठी कोलाडच्या अलीकडचे स्थानक, म्हणजे रोहा, लक्षात घेतले पाहिजे. मध्य रेल्वेचा अंमल रोह्यास संपतो आणि कोकण रेल्वे महामंडळाचा तेथून सुरू होतो. हे महामंडळ १९९० साली कंपनी म्हणून स्थापन झाले, आणि केंद्र सरकारच्या जोडीने महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक व केरळ ही राज्ये तिची भागधारक झाली. म्हणजे दोन स्वतंत्र आस्थापना, दोन निराळी दप्तरे. तरीही दिव्याहून निघालेला डबा रोह्याच्या पुढे जाताना कोणी त्याचे कुळ विचारीत नाही. त्याच्या दोन चाकांमधील अंतर १६७६ मिलिमीटरांच्या रुळाला जुळते की नाही, त्याची जोडणी व ब्रेक ठरल्या प्रकारचे आहेत की नाहीत, त्याचा आकार बोगद्यात मावतो की नाही, एवढेच पाहिले जाते. हा एक करारनामा आहे, आणि तो पाळील त्याला मार्ग मोकळा आहे.

जावातील इंटरफेस ही तरतूद नेमकी अशीच आहे. तिची कल्पना ऑब्जेक्टिव्ह-सी या भाषेतील प्रोटोकॉलवरून घेतलेली. इंटरफेसमध्ये मुळात कोणत्या क्रिया असल्याच पाहिजेत याची केवळ यादी असे. त्या कशा पार पाडावयाच्या याचे एक अक्षरही नसे. म्हणूनच इम्प्लिमेंट्स या शब्दापुढे एका वर्गाला कितीही इंटरफेसची नावे लिहिता येतात: दोन करारांत 'थांब' हीच अट असली, आणि ती दोन्हीकडे एकाच शब्दांत लिहिलेली असली, तरी ती पुरी करणारे हात एकच असल्यामुळे कोणाचे ऐकावे हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. आपल्या आज्ञावलीत आपण 'लादण्याजोगा' नावाचा एक करार लिहू: उंची सांग, एकूण वजन सांग, जखडण्याच्या जागा दाखव. ट्रक आपल्या पित्याला न सोडता हा करार स्वीकारतो. तो रेल्वाहन होत नाही. मालडब्यावर राहण्यास पात्र होतो.

आणि मग दुसरी, माझ्या मते सर्वांत महत्त्वाची वाट आपोआप समोर येते. रेल्वाहन कोण आहे? मालडबा. मालडब्यापाशी 'भार' नावाचे एक स्थान आहे, आणि त्या स्थानी 'लादण्याजोगा' असे काहीही ठेवता येते. कोलाडास ट्रक त्या स्थानी येतो, वेर्ण्यास ते स्थान रिकामे होते. वजन विचारले तर मालडबा स्वतःचे वजन आणि भाराचे वजन यांची बेरीज सांगतो. 'थांब' म्हटले तर गाडी थांबते आणि ट्रकचा हातब्रेक आहे तसाच राहतो. ज्या प्रश्नाने वंशावळीत आग लागली होती त्याला आता दोन निराळे ऑब्जेक्ट दोन निराळी उत्तरे देतात, आणि दोन्ही बिनचूक. या रचनेला कॉम्पोझिशन म्हणतात. वारसा जन्माच्या वेळीच ठरतो आणि मरेपर्यंत सुटत नाही. धारण करण्याचे नाते हवे तेव्हा जोडता येते, हवे तेव्हा तोडता येते, आणि कोलाड-वेर्णे प्रवासाचे सारे मर्म तर त्या जोडण्या-तोडण्यातच आहे. एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडीस या चौघांनी १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या डिझाइन पॅटर्न्स या ग्रंथात वारशापेक्षा अशा रचनेला अग्रमान द्यावा, असे आग्रहाने सांगितले होते.

या वाटेलाही खर्च आहे, आणि तो लपवू नये. करारनामा कर्तव्य देतो, कौशल्य देत नाही. ट्रक, टँकर, ट्रेलर या तिघांनीही 'लादण्याजोगा' हा करार स्वीकारला तर उंची मोजण्याचा आणि वजनाची बेरीज करण्याचा तोच मजकूर तिघांनाही लिहावा लागतो. त्यावर एक जुना उपाय मुखत्यारीचा: हे काम जाणणारा एक स्वतंत्र ऑब्जेक्ट घडवावा, प्रत्येक वर्गाने तो आपल्यापाशी बाळगावा, आणि विचारणा आली की त्याच्याकडे पाठवावी. २०१६ साली पहिली पक्की आवृत्ती निघालेल्या कोट्लिन भाषेत तर अशी मुखत्यारी बाय या एका शब्दाने देता येते. परंतु या मुखत्याराचा एक स्वभाव ध्यानी ठेवला पाहिजे. वारशाने मिळालेली क्रिया जेव्हा दुसऱ्या एखाद्या क्रियेला हाक मारते, तेव्हा ती हाक पुत्रापर्यंत पोचते, आणि पुत्राने काही बदल केला असल्यास तो लागू होतो. मुखत्यार मात्र हाक मारतो ती स्वतःलाच, आपल्या धन्याने त्या क्रियेत काय बदल केला आहे हे त्याला ठाऊक नसते. टँकरने एकूण वजन मोजण्याची आपली वेगळी रीत लिहिली, आणि मुखत्याराने आपल्या जुन्याच रीतीने मोजून मालडब्याला दाखला दिला, तर ती चूक संगणक दाखवून देणार नाही. ती वेर्ण्यापर्यंत तशीच जाईल. मुखत्याराची नेमणूक करताना धन्याचा पत्ता त्याच्या हाती देणे, हाच त्यावरचा उपाय.

तिसरी वाट पेणच्या कारखान्यांत पाहावयास मिळते. गणपतीचे धड एका साच्यातून निघते, परंतु हात पुष्कळदा निराळ्या साच्यांतून काढून मागाहून जोडतात, आणि एकाच साच्यातला आशीर्वादाचा हात अनेक प्रकारच्या धडांना शोभतो. त्या हाताला स्वतःचे धड नसते आणि त्याची एकट्याची मूर्ती होत नाही. प्रोग्रॅमिंगमध्ये अशा सुट्या हातांना काही भाषांत मिक्सिन आणि काहींत ट्रेट म्हणतात. ज्याच्यापासून स्वतंत्र ऑब्जेक्ट निघत नाही, परंतु जो कोणत्याही वर्गाला क्रियांचा तयार गुच्छ देतो, असा तो तुकडा. रुबी भाषेने एकपित्य वारसा राखूनच हे काम मॉड्यूलकडून करून घेतले, स्कालाने ट्रेटकडून, आणि पीएचपीने २०१२ साली पाच पूर्णांक चार या आवृत्तीत तीच सोय केली.

जावाला या वाटेवर यावयास मार्च २०१४ उजाडावा लागला, आणि तेही एका निकडीमुळे. जुन्या याद्यांच्या इंटरफेसमध्ये नव्या क्रियांची भर घालावयाची होती. पण करारात एक कलम वाढले की तो आधी स्वीकारलेले जगभरचे सगळे वर्ग त्या कलमाअभावी अपुरे ठरणार होते. तेव्हा जावाच्या आठव्या आवृत्तीत डीफॉल्ट मेथड आली: करारातच कलमाच्या जोडीला ते पार पाडण्याची एक साधी रीत लिहून ठेवावी, ज्याला हवी त्याने ती तशीच वापरावी, ज्याला नको त्याने आपली लिहावी. अर्थात त्याबरोबर जुने भांडणही दाराशी आले, कारण दोन करारांनी एकाच क्रियेच्या दोन रीती दिल्या तर काय? जावाचा कंपायलर, म्हणजे आज्ञावलीचे भाषांतर करणारा भाषांतरकार, येथे कोणाचीही बाजू घेत नाही. असा वर्ग तो सरळ नाकारतो आणि लेखकाला सांगतो की यांपैकी कोणाचे ऐकावयाचे ते तूच लिहून दे. हा निर्णय मला न्यायाचा वाटतो. शिवाय इंटरफेसला स्वतःची साठवण नसल्यामुळे वजनाच्या दोन प्रती होण्याचा धोका येथे मुळीच नाही.

आपली रचना कितपत टिकते हे नवे काम आल्यावाचून कळत नाही, आणि कोलाडास ते आले. २०२५ च्या गणेशोत्सवाच्या सुमारास कोकण रेल्वेने खाजगी मोटारींसाठीही कोलाड ते वेर्णे अशी रो-रो सेवा जाहीर केली. आज्ञावलीत 'मोटार' हा वर्ग रस्तावाहनाचा पुत्र म्हणून आधीच होता. त्याने 'लादण्याजोगा' हा करार स्वीकारला की तो डब्यावर चढला, आणि मालडब्याच्या वर्गात एका अक्षराचाही फेरफार करावा लागला नाही. फेरफार करावा लागतो तो दुसरीकडे. ट्रकचा चालक ट्रकसोबत राहतो, म्हणून त्याची नोंद ट्रकच्याच पोटात होती आणि भार उतरला की तीही आपोआप उतरत असे. मोटारीतील माणसांना मात्र गाडीला जोडलेल्या प्रवासी डब्यात बसावे लागते, म्हणजे मोटार एका डब्यावर, तिची माणसे दुसऱ्यात, आणि वेर्ण्यास त्यांची पुन्हा गाठ घालून द्यावयाची. ती गाठ मोटारीने राखावी, प्रवासी डब्याने राखावी, की दोघांच्या बाहेर 'आरक्षण' नावाचा एक तिसरा वर्ग काढून त्याच्या हाती दोघांचेही दाखले द्यावेत? माझा कौल तिसऱ्याला आहे, कारण मोटार आणि डबा यांना एकमेकांची ओळख असण्याचे काहीच कारण नाही.